पोलादाच्या पोटातला नंबर

जुनी लष्करी रायफल समोर आली की मुरलेला संग्राहक आधी नंबर शोधतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन 'कार ९८के' रायफलीच्या बोल्टपासून (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता दांडा) नेम धरायच्या साइटपर्यंत बहुतेक भागांवर एकाच क्रमांकाचे आकडे ठोकलेले असत. सुरुवातीच्या वर्षांत तर स्क्रूंवरही शेवटचे दोन. सगळे जुळले की किंमत चढते, आणि म्हणूनच खोटे नंबरही मारले जातात.

इथे पोलाद साक्षीला येते. ठसा ठोकला की खाचेखालचे धातूचे स्फटिक दबतात, वाकतात आणि हा ताण खाचेच्या तळाच्याही खाली उतरतो. नंबर कानशीने घासून सपाट केला तरी ताणलेला थर मागे राहू शकतो. कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे 'फ्राय' द्रावण लावले की त्या थरावर आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळी प्रक्रिया होते आणि पुसलेला आकडा अंधुक उमटतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत ही पद्धत नेहमीची आहे. संग्राहकाने मात्र या वाटेला जाऊ नये. आम्ल मूळ काळपट थरच खाऊन टाकते.

भिंग पुरते. ठोकलेल्या आकड्याच्या कडेला धातू किंचित वर उचललेला दिसतो. आकड्याभोवती उथळ खोलगट जागा असेल, तर तिथे आधी काहीतरी घासलेले आहे. बाकी पृष्ठभाग काळा आणि खाच तेवढी चकचकीत, हेही संशयास्पदच.

पण बदललेला नंबर म्हणजे लबाडीच, असे नाही. सोव्हिएत सैन्याने पकडलेल्या 'कार ९८के' सुट्या करून, भाग सरमिसळ जोडून, पुन्हा काळ्या केल्या आणि बोल्टवर नवे आकडे टाकले. तो त्या रायफलीचा खराखुरा इतिहास आहे. उलट अमेरिकन 'एम१ गॅरंड'च्या बोल्टवर रायफलीचा नंबर नसतोच, असतो तो आराखड्याचा क्रमांक. युद्धानंतर या रायफली लष्करी कारखान्यांत खोलून पुन्हा जोडल्या गेल्या. त्यामुळे प्रत्येक भाग अचूक ती रायफल बनली त्याच महिन्यांतला असलेली गॅरंड दिसली, तर ती हल्लीच कुणीतरी हौसेने जुळवली असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

नंबर न जुळण्याचा खरा धोका वेगळाच. बोल्ट आणि नळी यांच्यात काडतुसाला ठरावीकच जागा लागते. ब्रिटिश 'ली-एनफील्ड नंबर ४'साठी ती नेमकी बसवायला बोल्टची टोके ० ते ३ अशा चार मापांत बनवत. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट सहज बसतो, पण अंतर वाढले तर काडतुसाचे पितळ फाटून तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. हे अंतर मोजणाऱ्या गेजने तपासल्याशिवाय अशी रायफल झाडू नये, मग दस्ता कितीही देखणा असो.