सिरियल ड्रायव्हरमधील बफर ओव्हरफ्लो

सिरियल पोर्टवर येणारे बाइट वेळेत उचलले गेले नाहीत की बफर, म्हणजे ते तात्पुरते साठवण्याची जागा, भरतो. मग पुढचा डेटा हरवतो किंवा तपासणीअभावी शेजारच्या मेमरीवर लिहिला जातो. दुरुस्तीपूर्वी कोणता बफर भरला हे शोधावे: युआर्ट (सिरियल पोर्ट चालवणाऱ्या) चिपमधला फिफो, म्हणजे आधी आलेला बाइट आधी देणारी छोटी रांग, की ड्रायव्हरचा (पोर्ट हाताळणाऱ्या प्रोग्रामचा) रिंग बफर, म्हणजे शेवट गाठल्यावर पुन्हा सुरुवातीपासून लिहिला जाणारा मेमरीतला बफर. वरून दोन्ही बिघाड सारखेच दिसतात.

१६५५०ए चिपचा फिफो १६ बाइटचा असतो. तो भरल्यावर आणखी एक बाइट पूर्ण आला की चिपच्या लाइन स्टेटस रजिस्टरचा बिट १, म्हणजे बाइट हरवल्याची खूण असलेला ओव्हररन बिट, सेट होतो. १,१५,२०० बॉडला (सेकंदाला इतके बिट), स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून, एका बाइटला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. इंटरप्टची (प्रोसेसरला चालू काम थांबवून लक्ष द्यायला लावणाऱ्या सूचनेची) ट्रिगर पातळी, म्हणजे फिफोत किती बाइट जमल्यावर ती सूचना यावी तो आकडा, १४ असेल तर ड्रायव्हरच्या हाती जेमतेम २६० मायक्रोसेकंद उरतात. ती ८ वर आणली की सुमारे ७८० मिळतात. इंटरप्ट जास्त वेळा येतात, पण हा सौदा परवडतो. सोबत, इतर कोड इंटरप्ट किती वेळ बंद ठेवतो तेही मोजावे.

रिंग बफर भरत असेल तर बहुतेक जण आधी त्याचा आकार वाढवतात. डेटा अधूनमधून उसळून येत असेल तरच त्याचा उपयोग होतो. सेकंदाला ११,५२० बाइट येत असतील आणि वाचले १०,०००च जात असतील, तर ४,०९६ बाइटचा रिकामा बफरही तीन सेकंदांच्या आत भरतो. तिथे फ्लो कंट्रोलच (पाठवणाऱ्याला थांबवण्याची सोय) हवा. बफर तीन चतुर्थांश भरताच आरटीएस, म्हणजे पाठवणाऱ्याला ‘पाठवा’ असे सांगणारा तारेवरचा संकेत, बंद करावा. पाठवणाऱ्याच्या फिफोतले बाइट त्यानंतरही येऊ शकतात, म्हणून निदान ३२ बाइटची जागा राखावी. बायनरी डेटासाठी एक्सऑन-एक्सऑफ (डेटाच्याच वाटेने ‘चालू’ आणि ‘थांब’ असे खास बाइट पाठवण्याची पद्धत) टाळावे, कारण त्या बाइटची १७ आणि १९ ही मूल्ये डेटातही येतात.

कोडमध्ये रिंग बफरचा हेड (पुढचा बाइट लिहायची जागा) फक्त इंटरप्ट हँडलरने (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडने) आणि टेल (पुढचा बाइट वाचायची जागा) फक्त वाचणाऱ्याने बदलावा. आधी बाइट लिहावा, मग हेड पुढे न्यावा. मल्टिकोअर प्रोसेसरवर या दोहोंच्या मध्ये मेमरी बॅरियर (त्यांचा क्रम बदलू न देणारी सूचना) लागतो. जागा नसली तरी चिपमधून बाइट वाचून टाकावाच आणि गळतीचा काउंटर वाढवावा. न वाचल्यास इंटरप्ट उठलेलाच राहतो आणि हँडलर पुन्हापुन्हा चालून यंत्रणा अडकते.

मेमरी बिघडवणारी चूक बहुधा पॅकेटच्या लांबीपाशी सापडते. ॲरे ६४ बाइटचा आणि लांबीचा बाइट २५५पर्यंत जाणारा असेल, तर कॉपी करण्याआधीच मर्यादा तपासून पॅकेट नाकारावे. लाइनवरच्या गोंगाटाने बिघडलेला लांबीचा एक बाइटही इथे मेमरी बिघडवायला पुरतो.

चाचणीसाठी पूर्ण वेगाने चढते क्रमांक पाठवावेत आणि वाचणाऱ्याला मुद्दाम थांबवावे. मिळालेले आणि गळालेले बाइट मिळून पाठवलेल्यांइतके भरले पाहिजेत. चिपमध्येच ओव्हररन झाला असेल तर हा हिशेब जुळत नाही, कारण ओव्हररन बिट गळती झाल्याचे सांगतो, किती बाइट गेले ते नाही.