दोष इथेनॉलचा नव्हे, तारेवरच्या धुळीचा

२०२५ साली बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळायला लागलं आणि आमच्या बीडकडे गाडीच्या प्रत्येक दुखण्याला एक हुकमी उत्तर मिळालं. माझ्या मेव्हण्याचीही तीच तक्रार. मांजरसुंब्याच्या घाटात उसाच्या ट्रॉलीला ओलांडायला म्हणून पाय दाबला की गाडी क्षणभर दम सोडते, एक हिसका देते आणि मग निघते. "दाजी, हे इथेनॉल गाडी खाणार बघा." गाडी सात वर्षांची, पेट्रोलची. बंपरला लिंबू-मिरची ताजी, आणि टाकीत 'पिकअप वाढवणारं' म्हणून विकलेलं बाटलीतलं औषध. दोन्हींचा गुण सारखाच आला!

इथेनॉलचा हिशोब आधी मिटवू. शुद्ध पेट्रोलचा १ ग्रॅम नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाला ती १३.५ च्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन थोडं जास्त सोडायचं. हे काम सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर आणि गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, मिळून करतात. अ‍ॅव्हरेज थोडं कमी होतं, ते खरं. पण नेमकं घाटातच अडखळणं त्याने समजत नाही.

आपल्याला वाटतं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोल वाढतं. तसं नसतं. पेट्रोल गाडीत पाय दाबल्यावर उघडते ती हवेची झडप. किती हवा आत गेली हे मोजून मगच ईसीयू पेट्रोल सोडतो. दीड लिटरचं इंजिन जागेवर चालू असताना सेकंदाला २-३ ग्रॅम हवा ओढतं, पूर्ण जोरात ७० ग्रॅमच्या घरात. मोजमाप चुकलं की पेट्रोलही चुकणार. बऱ्याच छोट्या गाड्यांत हे मोजमाप दाबावरून होतं. मेव्हण्याच्या गाडीत मात्र एअर फिल्टरच्या पुढे एमएएफ सेन्सर, म्हणजे आत जाणारी हवा थेट मोजणारा सेन्सर, आहे, आणि मला खरं बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

त्यात केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार असते. वीज देऊन ती हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवायची. हवा तिला थंड करते, बशीतल्या चहावर फुंकर मारावी तसं. तापमान टिकवायला जेवढी जास्त वीज लागेल तेवढी जास्त हवा गेली. एप्रिलमधली आपल्याकडची हवा विरळ असते, डिसेंबरची दाट. तार वस्तुमानाच्या अंगाने मोजते, म्हणून हा फरक ती बराचसा आपोआप धरते. १९१४ मध्ये लुई किंग या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की वाऱ्यामुळे तारेतून निघून जाणारी उष्णता हवेच्या वेगाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढते. म्हणजे हवा चौपट वेगाने गेली तरी वाऱ्यामुळे जाणारी उष्णता दुप्पटच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉशने हाच गरम तारेचा सेन्सर गाड्यांत आणला. त्या तारेवर घाण बसायची, म्हणून इंजिन बंद झाल्यावर तार सेकंदभर १००० अंशांच्या आसपास लालबुंद तापवून ती जाळून टाकायची सोय होती. घाणीचा त्रास नवा नाही, तो असा.

आता गंमत बघा. तारेतून उष्णता बाहेर पडायला दोन फाटकं असतात: तारेला चिकटून असलेला हवेचा पातळ थर आणि त्याच्या आतला धुळीचा पापुद्रा. हवा संथ असते तेव्हा पहिलं फाटकच अरुंद, त्यामुळे धुळीचं काही विशेष वाटत नाही. हवा जोरात आली की पहिलं फाटक सताड उघडतं आणि खोळंबा होतो तो धुळीच्या फाटकापाशी. म्हणजे जागेवर गाडी शहाण्यासारखी चालते आणि पाय दाबला की सेन्सर हवा कमी सांगतो. पेट्रोल कमी पडतं. ऑक्सिजन सेन्सर चूक सुधारतो खरा, पण मागून. आणि पाय पूर्ण दाबल्यावर ईसीयू त्याचं ऐकणंच थांबवतो.

हे ओळखायचं कसं? गाडीच्या तपासणीसाठीच्या (ओबीडी) सॉकेटला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर लावला आणि मोबाईलवर 'फ्युएल ट्रिम' बघितला. ईसीयूला हिशोबाबाहेर किती टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागतंय, तो हा आकडा. जागेवर ४, इंजिनावर भर (लोड) आल्यावर १८. सेन्सरपुढच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर असती तर उलटं झालं असतं: जागेवर आकडा मोठा, वेग वाढेल तसा लहान. टाकीतला पंप थकला किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबला तरी भरावर ट्रिम चढतो, म्हणून सेन्सर धुऊन बघायचा. प्लग किंवा कॉइल गेली असती तर गाडीने मिसिंग केलं असतं. तेही भरावरच, कारण तेव्हा सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं.

फिल्टरचा डबा उघडला तर एक क्लिप तुटलेली, तिथे सुतळी बांधलेली. झाकण एका कोपऱ्यात बोटभर उघडं. रस्त्याच्या कामावरची धूळ फिल्टरला वळसा घालून थेट आत. टॉर्च मारून पाहिलं, तारेवर राखी लेप.

इग्निशन बंद करून सेन्सर काढला, त्याच्यासाठीच मिळणारा स्प्रे लांबून मारला. कापूस नाही, ब्रश नाही, कार्ब्युरेटर क्लीनर तर अजिबात नाही. पूर्ण वाळू दिला आणि बसवला. नवी क्लिप आणि नवा फिल्टर टाकला. परत घाटात नेली, भरावर ट्रिम ३. मेव्हण्याने ट्रॉली ओलांडली आणि म्हणाला, "दाजी, ते बाटलीतलं औषध आत्ता लागू पडलं बघा."