जाम झालेला बोल्ट आणि वर्गमुळाचा हिशेब

बोल्ट निघत नसेल तर पान्याला पाइप लावायचा आणि अंगातला सगळा जोर काढायचा, हा सल्ला घरी गाडीची कामं करणाऱ्यांना हमखास मिळतो. तो किती धोक्याचा आहे हे एका गुणाकारात कळतं. मोटारसायकलच्या इंजिनाच्या बाजूच्या कव्हरला बहुधा ६ मिलिमीटरचे बोल्ट असतात आणि ते आवळायला साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पुरतो. अर्ध्या मीटरच्या पाइपाच्या टोकाला १० किलो वजनाइतका रेटा दिला, की बोल्टवर ५० न्यूटन-मीटर येतो. त्यात तो पिळवटून तुटतो. डोकं पान्यात, दांडा इंजिनात, आणि पुढचं काम लेथवाल्याकडे.

मुळात बोल्ट अडकतो कशामुळे? कोकण किनाऱ्यावर एक-दोन पावसाळे काढलेली गाडी नीट बघा. बोल्ट पोलादाचा, पण त्याच्या डोक्याभोवती बऱ्याचदा लाल गंजाऐवजी पांढरी भुकटी जमलेली असते. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, अ‍ॅल्युमिनियमची असते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल, म्हणजे शाळेतला विद्युतघट तयार झाला. त्यात इलेक्ट्रॉन अ‍ॅल्युमिनियम सोडतं आणि तेच झिजतं. त्यातून बनणारं हायड्रॉक्साइड मूळ धातूच्या सुमारे तिप्पट जागा मागतं. आट्यांमधल्या फटीत तेवढी जागा कुठली? भुकटी दाबून बसते आणि बोल्ट जाम होतो. लाल गंजाचंही असंच, तोही लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक फुगतो.

शनिवारी लोखंड आणि तेल घरात आणू नये, असं अजून बऱ्याच घरांत पाळतात. ही अभिक्रिया मीठ, पाणी आणि धातूंची जोडी यांवर चालते, वार बघून नाही. बोल्ट शनिवारी अडकलेला सापडला तर तेल शनिवारीच आणा, कारण इथे खरी किंमत वेळेला आहे.

ती कशी, हा या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग. तेल आट्यांत शिरतं ते केशाकर्षणाने, समईच्या वातीत चढतं तसंच. फट जितकी अरुंद तितकी ही ओढ जबर. दहा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या फटीत रॉकेल गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अर्ध्या मीटरहून जास्त चढू शकतं. म्हणून बोल्ट खालच्या तोंडाचा असला तरी बिघडत नाही, तेल वर जाईल.

पण जाईल किती वेगाने? लुकास आणि वॉशबर्न या शास्त्रज्ञांनी अनुक्रमे १९१८ आणि १९२१ मध्ये याचं गणित मांडलं. द्रव आत शिरलेल्या अंतराचा वर्ग हा फटीची रुंदी, पृष्ठताण आणि वेळ यांच्या सम प्रमाणात असतो, आणि श्यानतेच्या, म्हणजे द्रवाच्या दाटपणाच्या, व्यस्त प्रमाणात. स्पर्शकोनाचा, म्हणजे द्रवाची कड धातूला ज्या कोनात टेकते त्याचा, कोसाइनही त्यात येतो. द्रव धातूवर पूर्ण पसरला की तो कोन शून्य होतो आणि कोसाइन १. आता गंमत बघा. अरुंद फटीत ओढ वाढते खरी, पण घर्षण त्याहून जास्त वाढतं, त्यामुळे तेल शेवटी हळूच सरकतं. अंतर वेळेच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणजे दुप्पट खोल जायला चौपट वेळ आणि तिप्पट खोल जायला नऊपट. पहिले दोन आटे पाच मिनिटांत भिजले, तर आठ आटे भिजायला ऐंशी मिनिटं हवीत. तेही फट मोकळी असेल तर. भुकटीने बुजलेल्या फटीत रात्रभर थांबणं भाग आहे.

द्रव कोणता, याचंही उत्तर यातच आहे. इंजिन ऑइल रॉकेलपेक्षा सुमारे शंभरपट दाट असतं, म्हणून तेवढ्याच वेळात रॉकेल जवळपास दहापट आत पोचतं. रॉकेल आता सहज मिळत नाही, पण डिझेलही चालतं. ‘फवारा आणि लगेच खोला’ असं सांगणाऱ्या महागड्या स्प्रेच्या जाहिरातीवर मात्र विश्वास ठेवू नका. डब्यावर काहीही छापलं तरी वर्गमूळ चुकत नाही.

तेल टाकून हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्यावेत. भुकटीला तडे जातात आणि तेलाला नवी वाट मिळते. उष्णताही मदत करते. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे कव्हर शंभर अंशांनी तापलं तर ६ मिलिमीटरचं भोक बोल्टपेक्षा सहा-सात मायक्रॉन जास्त मोठं होतं. मात्र त्याआधी रॉकेल पूर्ण पुसा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा, आणि ज्योत न वापरता हीट गनच वापरा.

मग पाना लावून आधी किंचित आवळायच्या दिशेला, मग उलट. ‘कट्’ असा आवाज आला की पकड सुटली. आवाज न होता बोल्ट रबरासारखा मऊ फिरतोय असं वाटलं, तर तिथेच थांबा, कारण दांडा पिळला जातोय. पुन्हा तेल, पुन्हा रात्र.

निघालेल्या बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून अँटी-सीझ, म्हणजे आटे पुन्हा जाम होऊ न देणारं वंगण, लावा, आणि बसवताना टॉर्क थोडा कमी ठेवा. घर्षण घटल्यामुळे तेवढ्याच टॉर्कमध्ये बोल्ट जास्त ताणला जातो, आणि मऊ अ‍ॅल्युमिनियममधले आटे उपटून येतात.