मोटर विझल्यानंतरचे पाच सेकंद

मॉडेल रॉकेटच्या लाँचला पहिल्यांदा आलेला माणूस लगेच ओळखू येतो. "तीन, दोन, एक" झालं, फुस्स आवाज करत रॉकेट सुटलं की त्याचा मोबाइल वर जातो. दोन सेकंदांत ज्वाळा विझते आणि मोबाइल खाली येतो. "संपलं इंधन, आता पडणार." क्लबमधली मुरलेली मंडळी नेमकी तेव्हाच कपाळावर आडवा हात धरून वर बघायला लागतात, आणि कुणीतरी पुटपुटत मोजत असतं: एक... दोन... तीन...

इंधन संपलं की रॉकेट खाली येतं, हा समज न्यूटनचा पहिला नियम पाठ करूनही जात नाही. म्हणून आधी आकडेच बघू. एक साधं रॉकेट घ्या: पुठ्ठ्याची ट्यूब ३४ मिलिमीटर व्यासाची, हलक्या बाल्सा लाकडाचे तीन पंख, प्लास्टिकचा नोज कोन (म्हणजे वरचं टोकदार नाक), आत पॅराशूट. मोटर सोडून वजन ६० ग्रॅम. त्यात 'सी ६-५' ही २४ ग्रॅमची मोटर बसवली. ती जेमतेम १.९ सेकंद जळते. विझते तेव्हा रॉकेट ८० मीटरवर असतं आणि त्याचा वेग असतो सेकंदाला ७७ मीटर, म्हणजे ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या वर. त्यानंतर ते नुसत्या वेगावर आणखी १५० मीटर चढतं. एकूण २३० मीटर उंचीतला जवळजवळ दोन तृतीयांश प्रवास मोटर विझल्यावरचा!

मोटरच्या नावातच तिची कुंडली असते (रॉकेटच्या बाबतीत खरी ठरणारी कुंडली एवढीच). पहिलं अक्षर एकूण आवेगाचं, म्हणजे रेटा गुणिले वेळ. 'ए' म्हणजे अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, 'बी' पाचपर्यंत, 'सी' दहापर्यंत. पुढच्या प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट. मधला आकडा सरासरी रेट्याचा, न्यूटनमध्ये. यात जरा शेखी आहे: 'सी ६' प्रत्यक्षात पावणेपाच न्यूटनच्या आसपासच सरासरी देते, आवेग ८.८ न्यूटन-सेकंद. शेवटचा आकडा डिलेचा, म्हणजे विलंबाचा. नवशिक्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. ५ म्हणजे सुटल्यापासून पाच सेकंद नव्हेत, मोटर विझल्यापासून पाच सेकंद. आणि '०' लिहिलेली मोटर दोन टप्प्यांच्या रॉकेटात खालच्या टप्प्याला वापरायची असते. तिच्यात डिले नसतोच. ती एकट्या रॉकेटात घातली तर इंधन संपता संपता तिची आग थेट वर, पॅराशूटच्या कप्प्यात येते.

ही मोटर उभी चिरून पाहिली (चित्रात, प्रत्यक्षात चिरायची नाही) तर दिसते ती १८ मिलिमीटर व्यासाची, ७० मिलिमीटर लांबीची जाड कागदी नळी. तळाशी चिकणमातीचं नॉझल. त्यावर ठोकून घट्ट बसवलेली बंदुकीची दारू: शंभर भागांत साधारण ७५ भाग शोरा, १५ कोळसा, १० गंधक. नॉझलजवळ या दारूत एक छोटा खळगा असतो. त्यामुळे सुरुवातीला जळणारा पृष्ठभाग मोठा मिळतो, रेटा क्षणभर १४ न्यूटनपर्यंत उसळतो आणि रॉकेट लाँच रॉड (सुरुवातीला त्याला सरळ धरणारी सळई) सोडेपर्यंत पंखांना हवेची पकड मिळते. खळगा जळून गेला की दारू सिगारेटसारखी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जळत जाते आणि रेटा साडेचारच्या घरात स्थिरावतो.

दारूच्या वर डिलेचा थर असतो, आणि माझ्या मते सगळ्या मोटरीत बघण्यासारखी गोष्ट हीच. हे मिश्रण मुद्दाम मंद जळणारं असतं. रेटा जवळपास शून्य, धूर मात्र भरपूर. या थराची जाडी म्हणजेच वेळ. त्याच्या वर इजेक्शनची मोकळी, बारीक दारू, सुमारे अर्धा ग्रॅम, आणि तिच्यावर मातीचं पातळ झाकण. डिले जळत जळत वरपर्यंत पोचला की ही दारू पेटते, झाकण फुटतं, वायू वरच्या बाजूला घुसतो आणि पिस्टनने ढकलावं तसा पॅराशूट आणि नोज कोन बाहेर फेकतो. बॅटरी नाही, सेन्सर नाही, चिप नाही. थराची जाडी हेच घड्याळ.

आता कळीचा प्रश्न: हे घड्याळ किती सेकंदांचं हवं? पॅराशूट उघडायला हवं ते उड्डाणाच्या माथ्यावर, चढण्याचा वेग संपतो तिथे. शाळेतलं सूत्र सांगतं, ७७ ला ९.८ ने भागा. उत्तर ७.९ सेकंद. ते धरून 'सी ६-७' घेणारे पस्तावतात, कारण त्या सूत्रात हवाच नाही. हवा धरली की सूत्र थोडं वाकडं होतं. आधी टर्मिनल वेग काढायचा, म्हणजे पॅराशूटशिवाय सरळ खाली पडताना रॉकेट ज्या वेगावर स्थिरावेल तो. आपल्या रॉकेटचा तो सेकंदाला ४८ मीटर येतो. ४८ भागिले ९.८ म्हणजे ४.९. मग मोटर विझतानाचा वेग भागिले टर्मिनल वेग, ७७ भागिले ४८ म्हणजे १.६. या १.६चा व्यस्त टॅन रेडियनमध्ये १.०१. दोन्हींचा गुणाकार: ४.९५ सेकंद. म्हणून 'सी ६-५'. (व्यस्त टॅनला जे अडखळले त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: वर जाताना गुरुत्वाकर्षण आणि हवा दोघेही मागे ओढतात, म्हणून माथा लवकर येतो.) आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. हिशेबात तेही धरलं आहे, पण त्याने फरक पडतो तो सेकंदाच्या छोट्या अंशाचा. वजनाचा आणि जाडीचा फरक त्याहून पुष्कळ मोठा. २५ ग्रॅमचं सडपातळ रॉकेट खूप वेळ चढत राहतं, त्याला ७ लागतो. जाडजूड, वजनदार रॉकेटला ३.

दोन सेकंदांची चूक किरकोळ वाटते. तीही मोजून बघू. पॅराशूट माथ्याच्या दोन सेकंद आधी उघडलं तर रॉकेट अजून सेकंदाला २१ मीटरने चढत असतं. दोन सेकंद उशिरा उघडलं तर १९ मीटरने पडत असतं. दोन्हीकडे वेग ताशी सत्तरच्या आसपास. या वेगात ४५ सेंटिमीटरचं पॅराशूट उघडलं की त्यावर २७ न्यूटनचा झटका येतो, म्हणजे ७३ ग्रॅमच्या रॉकेटला अचानक पावणेतीन किलोचं वजन बांधल्यासारखं. मग पॅराशूटच्या दोऱ्या त्यांच्या स्टिकरसकट उपटतात, किंवा शॉक कॉर्ड (नोज कोन आणि ट्यूब यांना जोडून ठेवणारी दोरी) ट्यूबच्या काठाला धारेसारखी लागून ती वरून खाली टराटरा फाडत जाते. याला झिपर म्हणतात. दिसतंही पँटची चेन उघडल्यासारखंच. आणि पॅराशूट उघडलंच नाही, तर हेच रॉकेट नाक खाली करून ताशी १६० किलोमीटरने जमिनीत घुसतं. ६०-७० ग्रॅमची वस्तू असली तरी त्या वेगात ती खेळणं राहत नाही.

गणित अचूक असूनही झटका बसतो तो वाऱ्यामुळे. पंखवालं रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं, वाऱ्याची दिशा दाखवणारा वातकुक्कुट वळतो तसं. मग उड्डाण सरळ न होता कमानीसारखं होतं आणि माथ्यावर वेग शून्य होत नाही, आडवा वेग शिल्लक राहतो. शिवाय डिलेचा थर काही क्वार्ट्झ घड्याळ नव्हे; ५ लिहिलंय तिथे ४ ते ६ धरून चालावं. म्हणून शॉक कॉर्ड लांब ठेवायची, रॉकेटच्या लांबीच्या किमान दुप्पट, तिप्पट असेल तर उत्तम. मोटरजवळचा भाग उष्णतेला टिकणाऱ्या केवलार दोऱ्याचा हवा. काही मुलं संक्रांतीनंतर घरात उरलेला नायलॉन मांजा लावतात. त्यावर बंदी आहे हे तर झालंच, पण तो इजेक्शनच्या उष्णतेने वितळतो आणि नोज कोन एकीकडे, ट्यूब दुसरीकडे पडते.

लाँचच्या दिवशी जे बिघडतं त्यातलं बहुतेक टेबलावर, पॅराशूट भरतानाच बिघडलेलं असतं. मोटर आणि पॅराशूट यांच्यामध्ये वाडिंग, म्हणजे न पेटणारा प्रक्रिया केलेला कागद, ट्यूबच्या व्यासाच्या दीडपट उंचीइतका सैल भरायचा. साधा टिश्यू पेपर चालत नाही. तो धुमसत खाली येतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या माळावरचं गवत काडेपेटीसारखंच असतं. प्लास्टिकचं पॅराशूट आदल्या रात्री घडी घालून ठेवलं तर नाशिकच्या जानेवारीतल्या सकाळी त्या घड्या कडक होतात आणि ते हवेत उघडतच नाही; नुसती पिशवी फडफडत येते. घडी उड्डाणाच्या आधी पाच मिनिटं घालावी आणि त्यावर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरावी. नोज कोन धरून रॉकेट उचललं तर निसटू नये, पण हलकासा झटका दिला तर निसटावं, इतपतच घट्ट. सैल असेल तर मास्किंग टेपचा एक वेढा. घट्ट असेल तर त्याच्या खांद्यावर, म्हणजे ट्यूबमध्ये बसणाऱ्या भागावर, पॉलिश पेपर. मोटर मात्र याहून पक्की हवी. ती सैल असली तर इजेक्शनचा वायू सोपा रस्ता धरतो: नोज कोन जागेवर राहतो, मोटर खालून उडून जाते आणि पॅराशूट आतच.

नारळ फोडायला हरकत नाही, खोबरं सगळ्यांना मिळतं. पण लाँच रॉडला लिंबू-मिरची बांधलेली दिसली तर ती काढा. दृष्ट लागून रॉकेट वाकडं जात नाही; रॉडवर अडकलेल्या मिरचीला लाँच लग (रॉकेटला चिकटवलेली, रॉडवरून सरकणारी छोटी नळी) घासला की जातं.

नाशिकभोवती मोकळी जागा भरपूर दिसते, पण ओझरला एचएएलची धावपट्टी आणि विमानतळ, देवळालीला तोफखान्याचा सरावाचा परिसर. तेव्हा जागा ठरवण्याआधी प्रशासनाची परवानगी. मोटरीतली दारू १८८४च्या स्फोटक कायद्याच्या कक्षेत येते. ती घरी कांडणं किंवा फटाके फोडून त्यातली भरणं हा बोटं गमावण्याचा जुना मार्ग आहे, त्या वाटेला जाऊ नये. मोटरी गाडीच्या डिकीतही ठेवू नयेत. उन्हात तापून पुन्हा थंड झाल्या की आतली दारू कागदी नळीपासून सुटते किंवा तिला चीर जाते, आग त्या फटीतून एकदम शिरते आणि मोटर पॅडवरच फुटते. पेटवणं नेहमी विजेच्या कंट्रोलरने, या आकाराच्या मोटरीला किमान पाच मीटर लांबून. बटण दाबून काही झालं नाही तर सेफ्टी की काढायची आणि पूर्ण एक मिनिट कुणीही जवळ जायचं नाही.

वेळ सकाळी सात ते साडेनऊ, वारा उठायच्या आत. मोठं पॅराशूट म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज इथे महागात पडतो. २३० मीटरवरून ४५ सेंटिमीटरच्या पॅराशूटला उतरायला ७० सेकंद लागतात; सेकंदाला ४ मीटरचा वारा तेवढ्यात रॉकेट २८० मीटर वाहून नेतो, बहुधा शेजारच्या द्राक्षबागेत. ३० सेंटिमीटरचं ४७ सेकंदांत उतरतं, १९० मीटरवर. जमिनीला जरा जोरात, सेकंदाला पाच मीटरने टेकतं, पण बाल्साचे पंख तेवढं सोसतात. बागेत गेलंच तर आधी बागवाल्या काकांना विचारायचं. मांडवाच्या तारांत अडकलेलं रॉकेट ओढून काढताना घड गळाले, तर पुढच्या रविवारी तो माळ मिळणार नाही. विजेच्या तारेवर अडकलेलं तर विसरायचंच.

दुपारी उरते ती दुरुस्ती. झिपर झालेली ट्यूब नुसती चिकटपट्टीने जोडू नये, ती त्याच जागी पुन्हा फाटते. फाटलेल्या टोकाच्या एक सेंटिमीटर खाली ट्यूबभोवती कागदाची पट्टी गुंडाळून सरळ रेघ मारायची आणि नव्या ब्लेडने दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापायचं. व्यासाच्या दुप्पट लांबीचा कपलर (दोन ट्यूब आतून जोडणारी पुठ्ठ्याची नळी) घ्यायचा, अर्धा खालच्या ट्यूबमध्ये, अर्धा नव्या तुकड्यात. डिंक आतल्या बाजूला लावून कपलर एका दमात सरकवायचा. मध्ये थांबलात तर ओला पुठ्ठा फुगतो आणि तो अर्ध्यावर अडकून बसतो. नव्या तुकड्याच्या वरच्या काठावर पातळ फेवीक्विक फिरवलं की काठ कडक होतो. पंख तुटला असेल तर कुठे तुटला ते पाहायचं. सांध्याशेजारी लाकूड मोडलं असेल तर डिंकाचं मूळ काम चांगलं झालं होतं. सांधाच सुटला असेल तर दोन्ही बाजूंना फेविकॉलचा पातळ थर देऊन वाळवायचा, मग दुसरा थर देऊन चिकटवायचं. नवा पंख कापताना लाकडाचे रेषे पुढच्या कडेला समांतर हवेत, नाहीतर तो पहिल्याच उतरणीला बिस्किटासारखा मोडतो.

एवढं करून रॉकेटचं शेपूट जड झालेलं असतं, कारण डिंक बहुतेक मागेच साचतो. मोटर आणि पॅराशूट भरून रॉकेट बोटावर तोलायचं. तोलबिंदू हवेच्या दाबकेंद्राच्या (हवेचा एकूण जोर जिथे लागतो त्या बिंदूच्या) निदान एका व्यासाइतका, आपल्या रॉकेटात ३४ मिलिमीटर, पुढे हवा. नसेल तर नोज कोनमध्ये थोडी मॉडेलिंग क्ले. क्लेने वजन वाढलं, म्हणजे डिलेचं गणित पुन्हा. आणि जळून रिकाम्या झालेल्या मोटरी फेकू नयेत. त्यांच्या कागदी नळीवर पेनाने रॉकेटचं वजन, वारा आणि 'लवकर', 'बरोबर' किंवा 'उशिरा' यांपैकी एक शब्द लिहून डब्यात टाकायच्या. डबा अर्धा भरला की पुढची मोटर त्यात बघून निवडता येते, व्यस्त टॅनशिवाय.