दुखत नाही, म्हणून राहिलं

मोड हा शब्द नाशिकमध्ये दोन ठिकाणी हमखास कानावर पडतो. सकाळी मिसळीच्या ताटाशी आणि संध्याकाळी दवाखान्यात, गुदद्वाराशी आलेल्या गाठीसाठी. दवाखान्यात मात्र आवाज खाली येतो, आणि आधी दार नीट लागलंय का ते पाहिलं जातं. मटकीचा मोड निदान दिसतो तरी. हा मोड पेशंटने स्वतः पाहिलेला नसतो. धुताना बोटाला लागलेला असतो, एवढंच.

मागे गोडी छाटणीच्या दिवसांत निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार बीपीच्या गोळ्यांसाठी आले होते. उठून दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, “डॉक्टर, संडासच्या जागी वाटाण्याएवढं काहीतरी लागतंय. चार-पाच महिने झाले असतील. पण दुखत नाही बरं का, म्हणून राहिलं.”

हे ‘म्हणून राहिलं’ मी फार वेळा ऐकतो. या जागी दुखण्यावरून आजाराचं माप काढता येत नाही, आणि त्याचं कारण तिथल्या रचनेतच आहे.

गुदमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब. त्यात बाहेरून साधारण २ सेंटिमीटर आत, करवतीच्या दात्यांसारखी एक रेषा असते. तिला दातेरी रेषा म्हणू. पोटातलं बाळ घडत असताना वरून आलेलं आतडं आणि बाहेरून आत वळलेली त्वचा इथे जोडली जातात. शिवणच म्हणा ना. शिवणीखालचा भाग त्वचेचा, म्हणून बोटाच्या टोकासारखा हळवा. तिथे नुसती चीर पडली की माणूस खुर्चीच्या कडेवर बसायला लागतो. वरचा भाग आतड्याचा. त्याला ताण कळतो, पण टोचलेलं, कापलेलं कळत नाही. आतल्या मूळव्याधीला रबराचं कडं लावतात ते बहुधा भूल न देता, याच भरवशावर. कडं चुकून रेषेजवळ बसलं तर पेशंट टेबलावरच ओरडतो.

या रेषेच्या वर रक्तवाहिन्यांच्या तीन मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. वारा आणि पातळ मल अडवायला त्यांची मदत होते. वर्षानुवर्षं कुंथून त्या सैल झाल्या की खाली घसरतात. शौचाच्या वेळी मऊ गोळा बाहेर येतो, आपोआप आत जातो किंवा बोटाने सारावा लागतो, लालभडक रक्त पडतं, आणि दुखत नाही. खरी मूळव्याध ही.

आमच्या बागायतदारांचं मात्र वेगळंच निघालं. उन्हाळ्यात त्यांना फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला चीर, होऊन गेलं होतं. चीर भरली, पण कडेची सुजलेली कातडी तशीच लोंबत राहिली. मऊ, कातडीच्याच रंगाची. तिला काही करावं लागत नाही. हे ऐकून ते थोडे नाराजच झाले. जागोजागी ‘बिना ऑपरेशन मूळव्याध गायब’ अशा पाट्या असताना डॉक्टर म्हणतो राहू द्या! त्या पाट्यांबद्दल एवढंच सांगतो की मोड कसला आहे हे न पाहता त्यावर जाळणारं औषध लावलं, तर जखम भरताना मार्ग आकसू शकतो. मग पेन्सिलीएवढा मल बाहेर पडायलाही घाम फुटतो.

एकाचे दोन, दोनाचे पाच होत फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे वाढणारे मोड म्हणजे बहुधा विषाणूचे चामखीळ. एचपीव्ही या विषाणूचे ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार त्यामागे असतात. शरीरसंबंधातून, त्वचेला त्वचा लागून ते पसरतात. त्यामुळे जोडीदाराचीही तपासणी लागते. चपटे, ओलसर, पांढुरके उंचवटे दिसले तर सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ततपासणी आधी. तो पेनिसिलिनने बरा होतो.

त्याच एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा भाऊबंद गुदद्वाराच्या कॅन्सरला सर्वाधिक कारणीभूत. एचआयव्ही आणि धूम्रपानाने धोका वाढतो. पुण्यात तयार होणारी, २०२३ मध्ये बाजारात आलेली ‘सर्वाव्हॅक’ लस ६, ११, १६, १८ या चारही प्रकारांवर आहे. ती फक्त गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी, असा आपल्याकडे समज.

हा कॅन्सर विरळा, पण सुरुवातीला थेट मूळव्याधीसारखाच वागतो. थोडं रक्त, थोडी खाज, एक गाठ. म्हणून घरातली ट्यूब सहा-सहा महिने चोळली जाते. फरक बोटाला कळतो. मोड दाबला की दबतो. ही गाठ कडक, खडबडीत, खाली धरून बसलेली. दातेरी रेषेखालच्या भागातल्या लसिकेचा, म्हणजे ऊतींतून झिरपणाऱ्या पाण्याचा, निचरा जांघेकडे होतो आणि कॅन्सर त्या वाटेने पसरू शकतो, म्हणून डॉक्टर जांघही चाचपतात. पेशंटला ते उगाच वाटतं. खात्री तुकडा तपासूनच होते. १९७४ साली अमेरिकन सर्जन नॉर्मन निग्रो यांनी दाखवलं की किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र दिली तर ही गाठ नाहीशी होऊ शकते. तोवर गुदद्वार काढून पोटावर कायमची पिशवी, हाच मुख्य उपाय होता.

तेव्हा न दुखणारी गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, वाढली, कडक लागली, रक्त किंवा चिकट स्राव आला, तर दाखवायचं. रक्त पडतंय आणि वय पंचेचाळीसच्या पुढे आहे, किंवा हिमोग्लोबिन उतरलंय, तर सगळं मूळव्याधीच्या नावावर घालू नका. वर आतड्यात काय आहे ते दुर्बिणीने पाहावं लागतं. लहान मुलाच्या शौचाबरोबर चेरीसारखं लाल काही बाहेर आलं तर तो बहुतेक वेळा साधा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तराला फुटलेला कोंब, असतो, पण काढावा लागतो. थांबायचंच नाही ते दुखरी सूज आणि ताप एकत्र आल्यावर, विशेषतः मधुमेह असेल तर. आणि बाहेर आलेला मोड आत जाईना, काळानिळा पडला तर. तेव्हा रात्र असली तरी निघायचं.

तपासणीला दोन-तीन मिनिटं लागतात. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, वर चादर. ग्लोव्ह्ज, जेली, एक बोट, मग छोटी नळी. स्त्रियांनी बाई डॉक्टर किंवा सोबत नर्स मागावी, त्यात संकोच नको. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला जाणार असाल तर केसपेपरच्या खिडकीवर, रांगेतल्या चार माणसांदेखत काय होतंय ते सांगत बसू नका. “सर्जरीची ओपीडी” एवढं म्हटलं की पुरतं.