कंट्रोलर शोधायला कुट्टक

काठी तळहातावर उभी धरायचा खेळ आपण सगळ्यांनी केलाय, ती कलली की हात तिकडे सरकतो. हेच मोटरकडून करून घ्यायचं तर कधी आणि किती सरकायचं हे ठरवणारा नियम लागतो, तो म्हणजे कंट्रोलर. बऱ्याच ठिकाणी तो नॉब फिरवून, अंदाज घेत सेट करतात, पण बीजगणिताने तो थेट काढता येतो आणि मला हा रस्ता फार म्हणजे फारच सुंदर वाटतो.

आधी साधे आकडे घेऊ. ७क्ष + ५य = १ पूर्णांकात सोडवायचं, तर क्ष ३ आणि य उणे ४. एक उत्तर सापडलं की बाकीची फुकट, क्षमध्ये ५ मिळवायचे, यमधून ७ काढायचे, हवं तितक्यांदा. पण ७ आणि ५ च्या जागी ६ आणि ४ असते तर १ कधीच आला नसता, कारण मसावि २. अशी समीकरणं पूर्णांकात सोडवायची रीत म्हणजे आपलं कुट्टक, आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये दिलेलं, भास्कराचार्यांच्या लीलावतीतही आहे.

आता आकड्यांऐवजी बहुपदी घ्या. सोयीची एककं धरली तर मोटरच्या जोराने काठी किती कलते हे सांगणारं गणित येतं १ भागिले (एस² − १), इथे एस हे बहुपदीतलं चल. कंट्रोलरही असाच अपूर्णांक. दोन्ही छेदांचा गुणाकार अधिक दोन्ही अंशांचा गुणाकार, ही बेरीज फीडबॅक लावल्यावरची, म्हणजे कल बघून मोटर हलवायला लागल्यावरची वागणूक ठरवते, आणि ती किती यायला हवी हे आपण सांगायचं! (एस + १)³ मागितलं तर कंट्रोलरचा छेद एस + ३ आणि अंश ४एस + ४ निघतो, करून बघा. मूळ उणे असलं की धक्क्याचा परिणाम विरत जातो, अधिक असलं की वाढत जातो. इथे तिन्ही मुळं उणे १, म्हणजे काठीला हलका धक्का बसला तरी ती परत सरळ.

मग काही जणांना वाटतं की काठीला पाडणारा, अधिक १ मूळ देणारा छेदातला एस − १ कंट्रोलरच्या अंशात टाकून सरळ कॅन्सल करू. कागदावर होतो, पण वरच्या बेरजेत तो दोन्ही पदांत येतो, म्हणजे उत्तरातही राहतोच आणि काठी पडते. मसाविचीच अडचण.

१९७० च्या दशकात प्रागमध्ये कुचेरा आणि अमेरिकेत यूला या संशोधकांनी हेच पुढे नेलं. एक कंट्रोलर सापडला की काठी सावरणारे बाकीचे सगळे एकाच मोकळ्या, आपण हवा तो निवडायच्या स्थिर अपूर्णांकातून मिळतात (स्थिर म्हणजे छेदाची मुळं उणे बाजूची, आणि त्याचं नाव क्यू), आणि सिस्टिमचा प्रतिसाद त्या क्यूवर सरळ रेषेसारखा अवलंबून असतो, त्यामुळे त्यातला सगळ्यात चांगला कुठला हे शोधणं कॉम्प्युटरला खूप सोपं जातं.