माणशी कचरा किती? आकड्यांमागची पार्श्वभूमी

खानापूर-निपाणीकडच्या खेड्यांत शेण, राख, केर उकिरड्यात कुजायचा आणि मृगाआधी शेतात जायचा. त्याचं वजन कुणी केलं नाही. मोजणी आली ती शहरांतल्या कचरा डेपोंवर, आणि देशोदेशींची तुलना आजही बव्हंशी शहरी हिशेबावरच उभी आहे.

२०१८ च्या एका जागतिक अहवालानुसार २०१६ मध्ये जगात २०१ कोटी टन नागरी घनकचरा झाला. माणशी सरासरी रोज ०.७४ किलो, देशागणिक ०.११ पासून ४.५४ किलोपर्यंत. श्रीमंत देशांत १६ टक्के लोक, कचरा ३४ टक्के. उत्पन्न वाढलं की वेष्टनं वाढतात, वस्तू लवकर टाकल्या जातात. डेन्मार्कच्या वर्षाकाठी माणशी सुमारे ८०० किलोंत बागेतला पालापाचोळा आणि दुकानांचा कचराही धरलेला असतो.

खरा घोळ भारताच्या आकड्यात आहे. तोच अहवाल आपल्याला वर्षाला २७.७ कोटी टन देतो. सरकारी अहवालात २०२०-२१ साठी रोज १.६ लाख टन, म्हणजे वर्षाला ५.८ कोटी. शिवाय माणशी रोज ११९ ग्रॅम. हा भागाकार उलटा करून पाहा: भाजक १३४ कोटी येतो, म्हणजे अख्ख्या देशाची लोकसंख्या, कचरा मात्र शहरी संस्थांनी कळवलेला. फक्त शहरवासीयांत वाटला तर ३३० ग्रॅमच्या पुढे जातो. ११९ ग्रॅम दाखवून आपण काटकसरी आहोत म्हणणं चूक आहे.

व्याख्याही जुळत नाहीत. २०१६ च्या आपल्या नियमांत गटारातला गाळ घनकचऱ्यात मोडत असे, कारखान्यांचा कचरा मोडत नसे. म्हणून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीची (ओतकाम कारखान्याची) जळकी वाळू या तुलनेत येत नाही. टनभर उसामागे निघणारं २८०-३०० किलो चिपाडही येत नाही. ते बहुतेक साखर कारखान्याच्या बॉयलरमध्येच जातं.

बेळगावजवळच्या तुरमुरीसारख्या कचरा डेपोच्या वजनकाट्यावर आणखी दोन चुका शिरतात. भंगारवाले प्लास्टिक-पुठ्ठा आधीच उचलतात, त्यामुळे वजन घटतं. जुलैत उघड्या गाडीतला ओला कचरा पाणी पितो, वजन फुगतं. म्हणून नमुना घरातूनच घ्यावा: वेगवेगळ्या उत्पन्नाची घरं, सलग सात दिवस, झाकणाच्या बादल्या, ओला-सुका वेगळा तोलून. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात एकेकदा.